वर्तमानपत्राला पडलेल्या खिडक्या

आमच्या गावात सकाळचे वर्तमानपत्र दुपारपर्यंत शाबूत राहील, अशी खात्री आता कोणी देत नाही. पहिल्या पानाला सहसा धक्का लागत नाही. क्रिकेटचे पान तर पवित्रच. पण आत, जिथे तालुक्याच्या बातम्या असतात, तिथे हटकून एक चौकोनी खिडकी पडलेली असते आणि तिच्यातून पलीकडच्या पानावरचे राशिभविष्य डोकावते. स्टँडसमोरच्या केशकर्तनालयाच्या मालकांनी मला एकदा वस्तरा हातात असतानाच विचारले, "मास्तर, तुमची पोरं नेमक्या चोऱ्यामाऱ्याच का कापून नेतात? गिऱ्हाईक तेवढंच वाचायला येतं हो!" वस्तरा गळ्याशी असताना शिक्षणविषयक चर्चा करू नये, असे माझे मत आहे. मी नुसते "हं" म्हटले.

पण दोष माझाच आहे. मी चित्रकलेचा मास्तर. आजोबांच्या भाषेत सांगायचे तर शिक्षण मॅट्रिक; पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि सातारा जिल्ह्यातल्या ह्या तालुक्याच्या शाळेत चिकटलो, तो वीस वर्षे चिकटलेलाच आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तीन छापून झाल्या. त्या कोणी वाचल्या हे प्रकाशकाला ठाऊक, आणि तो सांगत नाही. अशा माणसावर मुलांना फौजदारी न्यायाची ओळख करून देण्याची पाळी यावी, हा केवळ रिक्त पदांचा महिमा. २०२२ च्या जूनमध्ये नागरिकशास्त्राचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली गेली नाही, आणि 'चित्रकलेला नाहीतरी काय काम असतं' अशा उदार विचाराने हेडमास्तरांनी आठवीचे नागरिकशास्त्र माझ्या गळ्यात घातले.

धडा न्यायव्यवस्थेचा होता. सुरुवात सोपी करावी म्हणून विचारले, "चोराला शिक्षा कोण करतं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पोलीस!" एका चलाख पोराने "लोक" असेही उत्तर दिले आणि मागच्या बाकावरून "सीसीटीव्ही" असा आवाज आला. न्यायाधीशाचे नाव काही केल्या निघेना. शेवटी एकाला आठवले, "सिनेमात असतो तो, हातोडा आपटणारा." हे सगळे तुम्हाला कुठून कळले म्हणून विचारले, तर उत्तर मिळाले, "पेपरात येतं की सर. पोलिसांनी पकडलं, विषय संपला."

पेपरात येते हे खरेच होते. तेव्हा म्हटले, काट्याने काटा काढावा. दुसऱ्या दिवशी फर्मान काढले, की प्रत्येकाने दर शनिवारी गुन्ह्याच्या एका बातमीचे कात्रण आणायचे, वहीत डिंकाने चिकटवायचे आणि रंगवायचे. मला दुसरे येते काय! जे कोणी डोळ्यांनी पाहिले किंवा जे कागदोपत्री आहे, ते तांबडे. जे पोलिसांनी सांगितले, ते निळे. आणि 'समजते', 'कळते', 'परिसरात चर्चा आहे' अशा दारांतून जे आत शिरते, म्हणजे जे बातमीदाराच्या मनातले, ते हिरवे. महिनाभरात निळ्या पेन्सिलींचा गावात तुटवडा पडला. तांबडी पेन्सिल मात्र कोणाला टोकावी लागली नाही.

मग शब्दांची पाळी आली. चोरट्यांच्या 'मुसक्या आवळल्या', टोळी 'जेरबंद' केली, संशयित 'गजाआड' गेला. ह्यांवाचून बातमी पुरी होत नाही. मुसक्या म्हणजे काय, असे विचारताच एक शेतकऱ्याचा पोरगा उठून म्हणाला, "मळणीला बैलाच्या तोंडाला बांधतात ते, सर." ते मुसके. कोशातल्या मुसक्या म्हणजे पाठीमागे करकचून बांधलेले हात. आणि जेरबंद? घोड्याने मान वर उडवू नये म्हणून त्याच्या पोटाखालून घेतलेला पट्टा! माणूस पकडल्याची बातमी आणि शब्द पागेतले, हे ऐकून मुले खूप हसली. नंतर त्यांतलीच एक जण म्हणाली, "पण सर, संशयित म्हणजे अजून नक्की नाही ना? मग त्याला आधीच कसं बांधलं?" माझा पाऊण धडा तिने एका वाक्यात शिकवून टाकला.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर मी एक जिना रंगवला. पहिली पायरी तक्रार, दुसरी पोलिसांनी लिहून घेतलेली प्रथम खबर, तिसरी अटक, चौथी दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे. ही चौथी पायरी चोवीस तासांच्या आत गाठायची असते. तसे राज्यघटनेच्या २२ व्या कलमातच सांगितले आहे. त्यापुढे तपास, दोषारोपपत्र, साक्षी आणि उलटतपासणी, निकाल, अपील. रंगवून झालेले कात्रण ज्या पायरीचे असेल तिथे टाचणीने लावायचे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कात्रणांचा असा ढीग झाला की भिंतीचा रंग दिसेना. निकालाच्या पायरीवर चारच होती, आणि चारही शिक्षेची. निर्दोष सुटल्याचे एकही नव्हते. "सर, सुटतच नाही का कोणी?" असे एकाने विचारले. सुटतात रे बाबा, पुष्कळ सुटतात. पण सुटणाऱ्याला छायाचित्रकार भेटत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचाच होता असे. मुलांच्या मते ते सगळे चोर होते. नाहीतर आत कशाला टाकतील?

'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हा मथळा तर आमच्या वर्गाचा लाडका. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यात तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. त्या कबुलीमुळे चोरीचा माल हाती लागला, तर तेवढ्यापुरता भाग काय तो चालतो. म्हणजे न्यायाधीशाला जे ऐकायला बंदी, ते केशकर्तनालयातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सकाळी सात वाजता फुकट! (त्याच दिवसापासून आपले जुने 'चारशेवीस'ही गेले. फसवणुकीला आता ३१८ वे कलम आहे. पण 'अहो, तो तीनशे अठरा आहे' असे म्हणण्यात ती मजा नाही.)

एकदा प्रश्न आला, "पेपरानं खोटं छापलं तर पेपरला शिक्षा होते का?" मी त्यांना १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण सांगितले. कोल्हापूरचे कारभारी बर्वे ह्यांच्याविरुद्धची काही पत्रे खरी समजून 'केसरी' आणि 'मराठा' ह्यांनी मजकूर छापला. पत्रे बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर ह्यांना चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. टिळक-आगरकरांचीही चूक होऊ शकते, हे ऐकून मुले हबकली. मला मात्र उगाच बरे वाटले. ते का, ते पुढे येईलच.

पण वर्तमानपत्र आणि न्यायालय ह्यांच्या झटापटीची खरी कथा हवी, तर नानावटी खटल्यावाचून दुसरी नाही. आमचे आजोबा १९५९ साली मुंबईला गिरणीत होते. त्यांना इंग्रजी येत नसे, पण चाळीतला एक कारकून जिन्यात बसून 'ब्लिट्झ' मराठीत सांगे आणि वीस माणसे कान देऊन ऐकत. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी ह्यांनी प्रेम अहुजा ह्या व्यापाऱ्याला त्याच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या आणि स्वतःच पोलिसांकडे गेले. करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने नानावटींची बाजू अशी काही उचलून धरली की चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे सांगतात. रस्त्यावर खेळातली पिस्तुले आणि 'अहुजा टॉवेल' विकायला आले. नऊ ज्यूरींपैकी आठांनी 'दोषी नाही' म्हटले. न्यायाधीशांना ते पटेना, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तिथे १९६० साली जन्मठेप झाली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित ह्यांनी माफी दिली. ह्या सगळ्यांत मला रस वाटतो तो त्या टॉवेलचा. झटापटीत गोळी सुटली, असा बचाव होता. पण अहुजा न्हाणीघरातून आलेला, कमरेला नुसता टॉवेल, आणि तो मरेपर्यंत जागचा हललेला नव्हता. मग झटापट झाली कशी? वीस माणसांना कमांडरचा गणवेश दिसत होता, न्यायालयाला टॉवेलची गाठ दिसली. 'ब्लिट्झ'ची ती पाने आमच्या वर्गात आली असती, तर हिरव्या पेन्सिली पुरल्या नसत्या.

हा खटला आठवीला सांगायचा म्हणजे पंचाईतच. "दोन पुरुषांचं भांडण झालं," एवढ्यावर मी भागवले. "कशावरून, सर?" असा पहिल्या बाकावरून प्रश्न आला. तो अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याचे मी जाहीर केले.

तर असे चालले होते. पाहुणे आले की हेडमास्तर त्यांना जिना दाखवायला आणीत आणि मीही बाजूला हात बांधून उभा राही. स्वतःवर फार खूश असलेल्या माणसाने सावध राहावे.

२०२४ च्या आठवीत दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, उत्तरे चोख. कात्रण मात्र आणायची नाही. विचारले की म्हणे, "आमच्यात पेपर घेत नाहीत." शेजाऱ्यांचा आण म्हटले, तर मान खाली. चौथ्या शनिवारी मी तिच्या कोऱ्या पानावर 'टाळाटाळ' असा शेरा मारला. पाचव्या शनिवारी तास संपून वर्ग रिकामा झाल्यावर ती टेबलापाशी आली आणि तिने शिधापत्रिका ठेवतात तसल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळे पडलेले कात्रण काढले. २०१६ सालचे. 'विश्वासू दिवाणजीच निघाला चोर'. खाली छायाचित्र. अडत दुकानातला एक मध्यमवयीन माणूस भुईवर बसवलेला, मागे चौघे उभे. तिने ते नियमाप्रमाणे रंगवले होते. गल्ल्यात रक्कम कमी भरली, एवढे एक वाक्य तांबडे. बाकी सगळे निळे. हिरवे काहीच नव्हते.

"माझे वडील आहेत," ती म्हणाली.

मी काही बोलण्याआधीच तिने पिशवीतून आणखी चार पाने काढली. ती वर्तमानपत्राची नव्हती. ती २०१७ सालच्या एका दिवाळी अंकाची होती आणि वर माझे नाव होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चारही पाने हिरवीगार.

"ही सगळी हिरवीच आली, सर. पण एक विचारायचं होतं. ह्यात जुगार कुठून आला?"

वाचकहो, तो कुठून आला ते मला पक्के आठवत होते. २०१६ मध्ये ती बातमी मी त्याच केशकर्तनालयात, त्याच खुर्चीवर वाचली होती. घरी येईतो गोष्ट मनात जुळली होती. गावाचे नाव बदलले, धान्याचे दुकान कापडाचे केले, दिवाणजींना मिशा दिल्या, आणि सगळे झाकले गेले असे समजून निश्चिंत झालो. अडले ते एकाच ठिकाणी. पंधरा वर्षे इमानाने चाकरी केलेला माणूस चोरी का करील? बातमीत कारण नव्हते. पात्राला कारण लागते. मी ते दिले. त्याला तीनपत्तीचा नाद लावला. रात्री उशिरा घरी येणारा बाप, दाराआडून बघणारी लहान मुलगी, असा एक प्रसंगही घातला. संपादकांनी तोच प्रसंग आवडल्याचे खास पत्राने कळवले होते. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. माझी एवढी एकच गोष्ट गावाने आवडीने वाचली. का वाचली, ते मला इतक्या वर्षांनी कळत होते.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. "या मास्तर," म्हणून त्यांनी सतरंजी झटकून घातली. मिशा नाहीत. मार्केट यार्डात पुन्हा कोणी उभे केले नाही, म्हणून गावापासून अकरा किलोमीटरवरच्या एका वीटभट्टीचा हिशेब लिहितात. मी काय बोलावे ह्याची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात त्यांनी फळीवरून एक लांबट वही काढली. हाडाचा दिवाणजी! अटकेच्या दिवसापासूनची खतावणी मांडलेली. कोठडी आणि तुरुंग मिळून दिवस १९. तारखा ४३. एसटीचे भाडे, वकिलांची फी, झेरॉक्स, चहा. फिर्यादी आले नाहीत त्या तारखांपुढे बारीक फुली. शेवटच्या पानावर २०२२ ची एक तारीख आणि दोन शब्द: 'निर्दोष. सुटलो.' सोबत निकालाची सहीशिक्क्याची नक्कल. गल्ल्याच्या किल्ल्या आणखी दोघांकडे असत, आणि ज्या रोजकीर्दीवरून तूट काढली ती न्यायालयापुढे आलीच नव्हती. कलम ३८१ खालच्या आरोपातून मुक्तता.

"निकालाच्या दिवशी पेपरवालं कोणी नव्हतं?"

"कोण असणार? मी, वकील, न्यायाधीश आणि पंखा."

त्या पत्राच्या बातमीदाराला मी नंतर गाठले. माणूस वाईट नाही. "सर, सहा वर्षांपूर्वीची भानगड, ती सुटली ह्याला कुठं जागा मागू? मला बातमीमागं पैसे मिळतात. कोर्टात दिवसभर बसायचे कोण देतं?" म्हणाला. ह्यावर त्याच्याशी भांडायला मी कोणत्या तोंडाने उभा राहणार? त्याने निदान हिरवे काही लिहिले नव्हते.

मी दिवाणजींची क्षमा मागितली. शब्द काय वापरले ते आठवत नाही, कादंबरीकाराला न शोभणारे असावेत. त्यांनी ते पुरते ऐकून घेतले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मास्तर, चोरीचं म्हणाल तर निकाल आहे माझ्याजवळ, शिक्क्यासकट. कोणी बोललं की दाखवतो. पण जुगाराचा निकाल कुठल्या कोर्टात मागू? मी जन्मात पत्ता हातात धरला नाही. सगळा गाव दिवाळीला खेळतो, आमच्यात तेव्हाबी नाही. मेव्हण्यानं बोलणं टाकलं ते चोरीपायी नाही. 'आळ कुणावरबी येतो, पण जुगारी माणसाच्या घरी बहीण दिली' असं त्याला झालं. त्याला तुमची गोष्ट कुणीतरी वाचून दाखवली."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

"मग आता मी काय करू?" मी विचारले.

"लिहिता ना तुम्ही? लिहा की. नाव नको. पोरीला त्याच शाळेत बसायचंय. पण जुगार नव्हता, एवढं लिहा."

म्हणून लिहितो आहे. जुगार नव्हता. रात्री उशिरा येणारा बापही नव्हता आणि दाराआडून बघणारी मुलगीही नव्हती. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि संध्याकाळी सात वाजता वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून भाजी आणायला जात असे. गाव, दुकान आणि काही बारकावे ह्याही वेळी बदलले आहेत, पण ह्या वेळी त्यांना विचारून. लिहिलेले त्यांना वाचून दाखवले. एके ठिकाणी थांबवून ते म्हणाले, "तारखा त्रेचाळीस नव्हं, चव्वेचाळीस. शेवटची मी धरली नव्हती." वर ४३ तसेच ठेवले आहेत, कारण वहीत तसेच आहेत. इथे दुरुस्ती करतो.

पुढच्या शनिवारी वह्या तपासायला आल्या. तिच्या वहीत डाव्या पानावर ते जुने कात्रण चिकटवलेले होते, उजव्या पानावर नकलेची झेरॉक्स, तांबड्या पेन्सिलीने रंगवलेली. मागच्या पानावर माझी गोष्ट घडी घालून लावली होती, तिथे डिंक जास्त झाल्यामुळे कागद फुगला होता. जिन्यावर लावायला तिने काही दिले नव्हते आणि मी मागितलेही नाही. आधीच्या पानावरचा 'टाळाटाळ' हा शेरा मी खोडला, खोडल्याची सही केली, आणि वही तिच्या हातात दिली.